खारीचा जबडा आणि माझी पदवी

दातांच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. ‘आवडत नसे’ असं लिहिणार होतो, पण मनोगत लिहायला बसलोय तर आहे ते लिहितो. सांगलीत माझा दवाखाना आहे. खुर्चीत बसलेला माणूस माझ्याशी वाद घालू शकत नाही, कारण त्याचं तोंड उघडं असतं आणि त्यात माझी बोटं असतात. वर्षानुवर्षं असेच श्रोते मिळाले की आपण बोलतो ते बरोबरच असतं, असं वाटू लागतं.

माझा धंदा एका समजुतीवर उभा आहे: झीज म्हणजे नुकसान. माणसाचा दात हिरडीतून वर येईपर्यंत त्याचं इनॅमल घडवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. नंतर झिजलं ते गेलंच. पुढच्या कायमच्या दातांची मुळं नऊ-दहा वर्षांच्या सुमारास पुरी होतात आणि दाताची वाढ थांबते. म्हणून जोरात घासू नका, पेन्सिल चावू नका, झोपेत दात खात असाल तर दाखवायला या. यात काहीच खोटं नाही. पण हे माणसापुरतं खरं आहे, एवढं पुढचं वाक्य मी मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं.

आणखी एक कबुली. जनावरांच्या मागे दिवस घालवणारी माणसं मला रिकामटेकडी वाटत. माणसांना दातदुखीवर उपचार परवडत नाहीत आणि हे कावळे-खारी वाचवत फिरतात, असं मी चारचौघांत बोललोही आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर शेजारच्या वहिनींकडे एसी साफ करायला माणूस आला. बाहेरच्या युनिटमागून काथ्या, कापूस आणि चिंध्यांचं घरटं निघालं. त्यात खारीची दोन पिल्लं होती, डोळे मिटलेली, अंगावर नुकती लव आलेली. आई परत येते का, हे बघायला कुणी थांबलं नाही. वहिनींनी पिल्लं बुटांच्या खोक्यात ठेवली आणि कुंपणावरून मला हाक मारली. “डॉक्टर, यांना दात आलेत का बघा ना.”

मी बघितलं. खाली दोन पांढरे कण होते, वर काहीच नव्हतं. “आलेत, पण कोवळे आहेत. मऊच द्या. दूध-बिस्किट, भिजवलेली पोळी. कडक काही नको.” इतकं बोलून मी घरात गेलो. फी घेणार नव्हतो म्हणून विचारही केला नव्हता.

मला फसवलं ते एका साम्यानं. माणसाच्या बाळालाही खालचे मधले दोन दात आधी येतात, साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात. खारींमध्ये सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो करड्या खारीचा. तिच्या पिल्लाला खालचे पटाशीचे दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसतात, वरचे त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, आणि डोळे उघडतात चौथ्या-पाचव्या आठवड्यात. म्हणजे जग दिसायच्या आधी हत्यार हातात येतं. खालचे आधी, वरचे मागून, हा क्रम ओळखीचा वाटला आणि पुढचं सगळंही ओळखीचंच असणार असं मी धरून चाललो. तसं काहीही नव्हतं. पटाशीचे चार दात खारीला एकदाच येतात, त्यांना दुधाचे दात नसतात. आलेले दात जन्मभर मुळाकडून वाढत राहतात. इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागची बाजू मऊ असते. मागची बाजू लवकर झिजते आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप राहते. पिल्लाचे पांढरे दात पुढे नारिंगी होतात. आमच्याकडे कुणी असा दात घेऊन आला तर मी डाग म्हणून घासायला घेईन. इथे तो रंग इनॅमलमधल्या लोहाचा असतो आणि त्यानं दात अधिक कणखर होतो.

पिल्लांचे डोळे उघडले. दूध-बिस्किटावरून ती शेंगदाण्यांवर आली. खारीच्या आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिनं कितीतरी जास्त असतात; नुसत्या दाण्यांवर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. थोड्याच दिवसांत एक पिल्लू खिडकीची चौकट कुरतडू लागलं. दुसरं दाणा दोन्ही हातांत धरायचं, तोंडाशी न्यायचं आणि टाकून द्यायचं. त्याचे वरचे दात आत वळले होते, खालचे ओठाबाहेर आले होते.

वहिनींनी एका पशुवैद्य मुलीला बोलावलं. वयानं माझ्या मुलीएवढी. तिला दात कमी करायला बारीक बर, म्हणजे ड्रिलचं घासणारं टोक, लागणार होता आणि तो माझ्याकडे होता. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर आम्ही दोन्ही पिल्लं दवाखान्यात आणली. तिनं आजारी पिल्लाला हलकी भूल दिली. साध्या कटरनं कापायचं, असं मी सुचवलं. ती म्हणाली, कटरच्या दाबानं दात उभा चिरतो, म्हणून बरच वापरायचा. ठीक आहे, म्हटलं, जनावरांचं तिला माहीत. दात मात्र माझे.

भिंग लावून मी खालचा जबडा बोटानं हलकेच दाबला, आणि खालचे दोन दात एकमेकांपासून दूर सरकले. बोट काढलं, परत जवळ आले.

“जबडा मोडलाय,” मी म्हणालो. “बरोबर मधोमध.” निदान करताना माझा आवाज जरा खाली जातो, पेशंटला धीर वाटावा म्हणून. तसाच तो गेला होता.

“नाही सर,” ती म्हणाली. “खारीच्या खालच्या जबड्याचे दोन भाग मध्ये सांधलेले नसतात. ते थोडे हलतात. दुसऱ्याचं बघा.”

दुसरं पिल्लू वहिनींच्या मुठीत होतं. त्याचे दात तसेच सरकले, तसेच जवळ आले. ते ठणठणीत होतं.

त्या क्षणी मला लाज वाटली असं लिहायला छान वाटलं असतं. मला राग आला. असं कसं असेल, हा पहिला विचार. माणसाच्या जबड्याचे दोन भाग पहिल्या वर्षातच एकजीव होतात, मग याचे का नाही? काही क्षण मी खरोखर त्या ओंजळभर जनावरावर, ते चुकीचं बांधलंय म्हणून, चिडलो होतो. मग दुसरा विचार आला: कुणासारखं बांधलेलं असायला हवं होतं? उत्तर ताबडतोब आलं आणि ते फार ओशाळवाणं होतं. माझ्यासारखं. मी आयुष्यभर एकाच प्राण्याचं तोंड बघितलं होतं आणि त्या बळावर सगळ्या तोंडांचा कायदा ठरवून बसलो होतो. पदवीवर तसं कुठेही लिहिलेलं नाही. ते मी मागाहून घातलेलं होतं.

बर मी चालवला, कुठवर जायचं ते ती सांगत होती. खारीच्या खालच्या दाताचं बूड मागे थेट दाढांच्या खालपर्यंत गेलेलं असतं, हेही तिनंच सांगितलं. दिसतो तो दात म्हणजे नुसतं टोक. जन्मभर ज्या झिजेशी भांडलो, ती या पिल्लाला मिळत नव्हती म्हणून मी माझ्या हातानं करून देत होतो.

हे उमगल्यावर मी लगेच दुसरं टोक गाठलं. “म्हणजे मी मऊ खायला सांगितलं म्हणून हे झालं.” पश्चात्तापातही निदान करायची घाई. ती म्हणाली, इतकं सोपं नाही. हे दात मुख्यतः एकमेकांवर घासून झिजतात, कडक खाण्याची त्याला मदत होते एवढंच. एकदा ते समोरासमोर आले नाहीत की झीज थांबते आणि वाढ चालूच राहते. पडताना मार लागला असेल, कॅल्शियम कमी पडलं असेल, जन्मतःच वाकडे असतील. नक्की सांगता येणार नाही. ‘नक्की सांगता येणार नाही’ हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच मला आजही सर्वांत जास्त चीड येते.

चौकट कुरतडणारं पिल्लू पुढे झाडावर गेलं. दुसऱ्याचे दात दर काही आठवड्यांनी कमी करावे लागणार होते, ते बाहेर जगणार नव्हतं. ते प्राण्यांच्या एका पुनर्वसन केंद्रात गेलं. ज्यांना मी रिकामटेकडे म्हणत होतो, त्यांच्याकडेच.

या सगळ्यानं माझ्या धंद्याच्या समजुतीलाही थोडा तडा गेला. रॉबर्ट कोरुच्चिनी या मानववंशशास्त्रज्ञानं उत्तर भारतातल्या ग्रामीण आणि शहरी तरुणांचे दात तपासून, मऊ खाण्याचा वेड्यावाकड्या दातांशी संबंध आहे का, हे पाहिलं होतं. पूर्वी मी असलं काही वाचलंच नसतं. आता मुलाला भाकरी, गाजर चावून खाऊ द्या, असं आयांना सांगतो. पण ‘असं मला वाटतं’ हे शब्द आधी लावतो.

खारीच्या पिल्लाबद्दल विचारलं तर एवढंच सांगतो: ऊब द्या, खोकं घरट्याजवळ ठेवून लांब व्हा, आई बहुतेक वेळा उचलून नेते. नाहीच आली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाईचं दूध देऊ नका. दातांबद्दल विचारलं तर त्या मुलीचा नंबर देतो. तरी अजून कुणी प्रश्न विचारला की उत्तर आधी माझ्या ओठांवर येतं, आणि ते दर वेळी गिळता येतंच असं नाही.