सोले सोलता सोलता 'कट्यार'

तिघांच्याही कानाला चालेल असं एखादं गाणं लावायचं म्हटलं की पवनारच्या आमच्या घरात बोलणी फिसकटतात. माझे वडील, म्हणजे पोरांचे आबाजी, ऐंशीच्या घरात. धाम नदीकाठच्या आश्रमातल्या बहिणी एका सुरात विष्णुसहस्रनाम म्हणतात, त्यावर त्यांचा कान तयार झालेला. भाचा दहावीत, त्याच्या कानात सदा इयरफोन. मी मधली, कॅसेटवाल्या पिढीची.

'सैराट'वर तेवढा तह होतो. 2016 सालची अजय-अतुलची ती चार गाणी. वरातीत 'झिंगाट' लागलं की आबाजींचाही पाय ठेका धरतो. पण वरातीत नाचणं वेगळं नि घरी बसून ऐकणं वेगळं. घरात ती लागली की पोरगं दीड मिनिटात पुढच्या गाण्यावर जातं. दोष त्या गाण्यांचा नाही, मोकळ्या अंगठ्याचा आहे.

तो अंगठा अडकला तुरीच्या शेंगांत. संक्रांतीच्या आसपास आमच्याकडे टोपलंभर शेंगा घेऊन सगळे अंगणात बसतात, सोल्यांची भाजी व्हायची असते. शेंगेचा चीक बोटांना लागतो, नखं काळपट होतात. असल्या हातांनी फोनला कोण शिवणार? मी आधीच 'कट्यार काळजात घुसली' या 2015 च्या चित्रपटाचा अल्बम सुरू केला नि आवाज घुमावा म्हणून फोन रिकाम्या गंजात उभा केला. त्यात अरिजित सिंग आहे, एवढं आमिष भाच्याला पुरलं.

आबाजींना आमिष लागत नव्हतं. 1967 च्या मूळ नाटकात खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात. त्यांचं नाव निघालं की आमच्याकडे शेजारच्याबद्दल बोलावं तसं बोलतात. चित्रपटात खाँसाहेबांसाठी गायलेत त्यांचेच नातू राहुल देशपांडे. अभिषेकीबुवांच्या नाटकातल्या जुन्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी बसवलेली. 'मन मंदिरा' तर दोनदा आहे, एकदा शंकर महादेवन आणि एकदा त्यांचा मुलगा शिवम.

भांडण पेटलं ते तिथंच.

"पोराचंच चांगलं हाय जी," भाचा म्हणाला. "बाबाचं लय पक्कं वाटते."

"पक्कं हाय म्हणूनच तं गाणं हाय!" आबाजींनी हातातली शेंग टोपल्यात आपटली.

मला विचाराल तर मीही पोराच्याच बाजूची. पण मी तोंड उघडलं नाही, कारण आबाजी 'घेई छंद'कडे वळले होते. नाटकात या पदाला दोन चाली आहेत, खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांची संथ नि खाँसाहेबांची चपळ, हे त्यांनी गुणगुणून दाखवलं. शब्द तेच, घराणं निराळं. आवाज थरथरत होता, पण फरक कळला. भाचा म्हणाला, "म्हंजे दोन रॅपर एकाच बीटवर उतरले, तसं." आबाजींना रॅपर कळला नाही, पण 'उतरले' कळलं, नि ते खूश झाले.

सगळ्यांना आवडावं म्हणून बेतलेले अल्बम मी पुष्कळ ऐकलेत, दिवाळीच्या फराळाच्या डब्यासारखे. थोडं गोड, थोडं तिखट, लक्षात काहीच राहत नाही. 'कट्यार' आमच्या घरी टिकला, कारण तो दोघांनाही आपापली बाजू देतो. मुळात गोष्टच दोन गायकींच्या भांडणाची. त्यातल्या काही नव्या गाण्यांवर वाद्यांचा थर जरा जाडच आहे, हे मात्र खरं. तिथं अभिषेकीबुवांच्या चालींची मोकळीक आठवते.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं आपणहून वसंतरावांचं जुनं ध्वनिमुद्रण शोधून लावलं. इयरफोनची एक गोळी आबाजींच्या कानात, एक आपल्या. थोड्या वेळानं कपाळाला आठ्या.

"आबाजी, याच्यात बास तं ऐकूच येत नाही."

"तू गाणं ऐकाले बसला का बास मोजाले बे?"

गाणं मात्र दोघांपैकी कोणी बंद केलं नाही.