गुडघे टेकता येत नसतील तर



मिस्सामध्ये गुडघे टेकायची वेळ आली की आपल्या चर्चमध्ये एक आवाज होतो. आधी बाकाखालची फळी खाली येते, मग कुठून तरी "आई गं", कुठून तरी "येशू मारिया", आणि जवळच बसले असाल तर कुणाच्या तरी सांध्याचा कट्ट आवाज. बेळगावात पाऊस लागला की हा आवाज वाढतो. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे आणि आजाऱ्यांच्या घरभेटीला जाणारे आम्ही पाच जण आहोत. आमच्यापैकी तिघांचे गुडघे त्या आवाजात सामील असतात, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते शहाणपण म्हणून वाचू नका. आमच्या हातून एक चूक झाली, तिथून हे सगळे सुरू झाले.

आपल्या धर्मग्रामातील एक मावशी गेली दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसू लागल्या होत्या. पूर्वी त्या दुसऱ्या रांगेत असत, गायनाला आवाज देत. आम्हाला वाटले, नातवंडे बरोबर असतात म्हणून दाराजवळ बसत असतील. एकदा घरभेटीला गेलो तेव्हा त्यांनीच सांगितले, "अगं, पुढे बसून गुडघे टेकले नाहीत तर सगळ्यांना दिसतं. लोक म्हणतील, परमप्रसादासमोरसुद्धा म्हातारी बसूनच राहिली."

आम्हाला वाईट वाटले. आणि वाईट वाटले की माणूस काहीतरी करायला धावतो, तसे आम्ही धावलो. आमच्यातल्या एकाच्या ओळखीने बाजाराच्या दिवशी एक माणूस सांधेदुखीच्या पुड्या देतो असे कळले. झाडपाल्याचे औषध, कसलाही अपाय नाही, अगदी नैसर्गिक. महिन्याच्या पुड्या आम्ही स्वतः आणून मावशींच्या हातात दिल्या. पैसेसुद्धा आम्हीच वर्गणी काढून भरले.

आठ दिवसांत मावशी चालू लागल्या. पंधराव्या दिवशी गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसल्या. भूक वाढली, अंगात तरतरी आली. प्रार्थनासभेत आम्ही त्याची साक्ष दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सभा संपल्यावर चार जणांनी त्या माणसाचा पत्ता विचारून घेतला. तो पत्ता आम्ही दिला, हेही इथे लिहायला हवे.

साधारण पाच महिन्यांनी मावशींचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसू लागला. हाताला जरा लागले तरी काळेनिळे डाग पडत. साखर कधी नव्हती ती वाढली. डॉक्टरांनी तोंडाकडे पाहूनच विचारले, "कसली पुडी घेताय का?" पुडीत नेमके काय होते ते तपासायला कुणी पाठवले नाही, पण त्यांना संशय होता तो स्टेरॉईडचा. झाडपाल्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरीत स्टेरॉईड किंवा वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या असतात, हे काही नवे नाही. म्हणून तर आठ दिवसांत गुण येतो. महिनोन्‌महिने घेतले की साखर चढते, रक्तदाब वाढतो, हाडे पोकळ होतात.

आम्ही लगेच म्हणालो, आजपासून पुडी बंद. डॉक्टरांनी हात वर करून आम्हाला थांबवले. स्टेरॉईड फार दिवस घेतले की शरीर स्वतःचे तयार करणे कमी करते, आणि ते एकदम तोडले तर माणूस कोसळू शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावे लागते. ज्यांनी आमच्याकडून पत्ता घेतला होता त्या चौघांच्या घरी आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. आणि पुढच्या प्रार्थनासभेत उभे राहून मागची साक्ष परत घेतली. त्या दिवशी टाळ्या नव्हत्या.

त्यानंतर बरेच दिवस आमच्यात एकच बोलणे होते, आपण फसलो कसे? आम्हाला वाटते, 'नैसर्गिक' या शब्दाला आम्ही 'देवाने दिलेले' असा अर्थ लावला आणि डोळे मिटले. झटपट आलेला गुण आम्हाला चमत्कारासारखा दिसला. पवित्र शास्त्र मात्र इतके भाबडे नाही. सिराखच्या ३८व्या अध्यायात औषधी जमिनीतून निर्माण करणारा प्रभूच आहे असे म्हटले आहे, पण त्याच अध्यायात, आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, असेही सांगितले आहे. आम्ही पहिले वाक्य पाठ केले होते, दुसरे सोडून दिले होते.

मावशींना मग फिजिओथेरपीसाठी पाठवले. तिथली मुलगी पंचविशीची असेल. तिने गुडघ्याचा फोटो पाहून सांगितले की झीज झाली आहे, ती भरून येणार नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट केला तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो आणि दुखणेही. तिने दिलेला व्यायाम इतका साधा होता की मावशींचा विश्वासच बसेना. पलंगावर पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी घट्ट करायची, पाच ते दहा आकडे धरून सोडायचे. असे दहा वेळा. दुसरा, खुर्चीत बसून एक पाय सरळ समोर उचलून धरायचा. तिसरा, खुर्चीतून हाताचा आधार कमीत कमी घेऊन उठायचे आणि सावकाश बसायचे.

आकडे मोजणे मावशींना जमेना. मध्येच विसरत. मग त्यांनीच तोड काढली. 'नमो मारिया'च्या पहिल्या अर्ध्या भागात पाय वर, दुसऱ्या अर्ध्या भागात पाय खाली आणि विश्रांती. एक दशक झाले की दहा वेळा आपोआप भरतात. आमच्यातल्या एकाला हे पटले नाही, पवित्र मातेची प्रार्थना काय घड्याळ म्हणून वापरायची? आम्ही फादरांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "जपमाळ हातात धरून बसल्या बसल्या झोपणाऱ्यांपेक्षा हे बरं." तेव्हापासून आम्हीही तसेच करतो.

मग चालणे आले. पूर्ण पाच दशके म्हणायला साधारण वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ चर्चच्या आवारात, सपाट जागेवर, चांगल्या चपला घालून. चालताना थोडे दुखले तर घाबरायचे नाही. पण दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलेच राहिले तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून कमी करायचे. आखडलेल्या सांध्याला सकाळी गरम पाण्याचा शेक, सूज असेल तर बर्फ. तिळाच्या तेलाने हलके चोळले की बरे वाटते. त्याने झीज भरत नाही, पण आपल्या माणसाचा हात पायावरून फिरतो हे काय थोडे आहे? वजनाचे सांगायला जड जाते, कारण आम्ही कुंद्याच्या गावचे. पण अंगावरचा एक किलो कमी झाला तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. हे ऐकल्यावर आमच्यातल्या दोघांनी सणाचा डबा दुसऱ्यांच्या घरी पोहोचवला. दुसऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार तेव्हा सुचला नाही.

या नादात आम्ही एका धर्मगुरूंबद्दल वाचले. सेबास्टियन क्नाइप, १८२१ साली बव्हेरियात विणकराच्या घरी जन्मले. तरुणपणी फुप्फुसाच्या आजाराने खंगले असताना पाण्याच्या उपचारांवरचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती पडले, आणि ते डॅन्यूब नदीच्या थंडगार पाण्यात क्षणभर बुडी मारून घरी पळत येऊ लागले. ते बरे झाले. पुढे व्योरिशहोफेन या गावी धर्मगुरू असताना ते दवात अनवाणी चालणे, थंड पाण्याचे उपचार, साधे अन्न आणि श्रम यांचा सल्ला देत, आणि दूरदूरचे लोक तिथे येत. १८८६ साली त्यांचे जलोपचारावरचे पुस्तक निघाले. त्यांचे सगळेच उपचार आजच्या कसोटीला उतरतील असे नाही, आणि मधुमेह असणाऱ्याने तर अनवाणी चालूच नये, कारण पायाची जखम कळत नाही. पण आम्हाला भावले ते एवढेच की उपदेशाचे व्यासपीठ सांभाळणाऱ्या माणसाला लोकांच्या झोपेची, पोटाची आणि पायांची काळजी कमीपणाची वाटली नाही.

थकव्याबद्दलही लिहायला हवे, कारण घरभेटीत सर्वांत जास्त ऐकू येते ते हेच : "अंगात ताकदच नाही बघा." पूर्वी आम्ही अशा वेळी एक प्रार्थना म्हणून उठत असू. आता आधी विचारतो, रक्त तपासले का? हिमोग्लोबिन कमी, थायरॉईड, बी-१२ कमी, साखर, यातले काहीही असू शकते. चालताना छातीत दाब येत असेल, दम लागत असेल तर तो थकवा समजून घरी बसायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तसेच एकच गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर शेकत बसू नये. हे सगळे ठीक निघाले तर मग जेवणाकडे आणि झोपेकडे पाहावे. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह अंगी कमी लागते, म्हणून चहा तासाभराने. लिंबाची फोड मात्र पानात असावी. नाचणीचे आंबील आपल्या आयांनी उगीच नाही दिले, त्यात कॅल्शियम भरपूर. आणि झोप! सुप्रभातचे संदेश रात्री बारा वाजता तयार करणारे आमच्यातच आहेत.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो (१ राजे १९). कार्मेल डोंगरावर विजय मिळवलेला माणूस ईजबेलच्या धमकीने पळतो, रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन नाही. तो त्याला हलवून उठवतो आणि खायला लावतो : निखाऱ्यावर भाजलेली भाकर, उशाशी पाण्याचे भांडे. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत रागावत नाही, दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो. मग चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून एलिया होरेबला पोहोचतो, आणि देवाचा मंद स्वर त्याला ऐकू येतो तो तिथे. इतकी वर्षे वर्गात आम्ही कार्मेलचा अग्नी रंगवून सांगत होतो, ही भाकर आणि झोप दोन ओळींत उरकत होतो. यंदा त्यावर पूर्ण तास घेतला.

उपवासकाळाचेही असेच. मावशी चाळीस दिवस एकवेळ जेवत आणि रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेत. जठराला व्रण पडण्याचा आणि मूत्रपिंड बिघडण्याचा धोका त्यांना कुणी सांगितला नव्हता. चर्चच्या कायद्याने उपवासाचे बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच आहे, तेही राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी, आणि आजाऱ्याला त्यातूनही सूट. गुडघे टेकण्याबद्दलही मिस्साच्या नियमावलीत प्रकृती बरी नसलेल्यांना मोकळीक आहे. हे आम्हाला माहीत होते, परीक्षेत लिहिले होते. मावशींच्या कानावर घालायचे राहिले होते.

सगळे दुखणे जाईल असे आम्ही आता कुणाला सांगत नाही. संत पौलाने देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिलाच. ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणाला, जागतिक रुग्णदिन असतो. संत जॉन पॉल दुसरे यांच्या इच्छेने तो १९९३ पासून पाळला जातो. यंदा त्या दिवशी तैलाभ्यंगासाठी रांग लागली तेव्हा मावशींना रांगेत उभे करायचे नाही म्हणून आम्ही खुर्ची पुढे नेऊन ठेवली, अगदी दुसऱ्या रांगेच्या कडेला. त्या काठी टेकत आल्या, बसल्या. ती खुर्ची आता तिथेच असते. दर रविवारी सगळे गुडघे टेकतात तेव्हा त्या बसून मान खाली घालतात. पहिल्या रविवारी मागे वळून पाहिले त्यांनी, कोण बघतंय का म्हणून. आता वळत नाहीत.

साखर गोळीवर आहे. चेहरा बराच उतरला आहे. पायऱ्या उतरताना दुखते. परवा जोराचा पाऊस होता, आम्ही घरी गेलो तर पाय लांब करून, टॉवेलची गुंडाळी घेऊन बसल्या होत्या. हातात जपमाळ. आम्हाला पाहून म्हणाल्या, "खरं सांगू? अशा दिवशी अजून त्या पुडीची आठवण येते गं. आठ दिवसांत उभं केलं होतं तिनं." आम्हाला काही बोलता आले नाही. "बसा," त्या म्हणाल्या, "तिसरं दशक चाललंय."

आम्हीही पाय लांब करून बसलो.