घुबडाचा अंगरखा

३१ ऑक्टोबर, म्हणजे सर्वसंतदिनाची पूर्वसंध्या, अमेरिकेंत ‘हॅलोवीन’ म्हणून पाळतात. मुलें सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. २०२३ सालीं त्या सुमारास मी शिकागोस धाकट्या बहिणीकडे होतों. तिचा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, “मामा, मला घुबड व्हायचें आहे.” आपल्याकडील समजुतीनें मी चपापलों; पण तिकडे घुबड शहाणें मानतात.

तयार पोशाख दुकानांत मिळत होते. परंतु त्यानें दिवंगत वडिलांचा तपकिरी कोट आणून माझ्यापुढें ठेवला. त्यास कात्री लावण्यास माझा हात धजेना. बहिणीनें कांहीं न बोलतां कात्री माझ्या हातीं दिली.

कोटाचे पानाच्या आकाराचे तुकडे कापून ते जुन्या चादरीवर, कौलांप्रमाणें खालून वर, एकावर एक शिवले. (वसतिगृहांत वाढलेल्यास सुई नवी नसते.) वरून आरंभ केल्यास शिवण उघडी पडते, हें मात्र पहिली ओळ उसवावी लागली तेव्हां कळलें. आंत लोकरीचा सदरा मावेल इतकी ढिलाई ठेवली, तें बरें झालें. त्या दिवशीं हिम पडलें. पुठ्ठ्याच्या मुखवट्यांतून पायऱ्या दिसेनात, म्हणून तो टाकून टोपीलाच डोळे लावले.

कोटाचा खिसा तेवढा मीं कापला नव्हता. आंतल्या बाजूस तसाच जोडला होता. रात्रीं परतल्यावर त्यानें खाऊची पिशवी माझ्यापुढें ओतली. खिशांत काय होतें, तें निजेपर्यंत त्यानें कोणास दाखविलें नाहीं.