बनगरवाडीचा मास्तर आणि आमचे बाबा

गेल्या उन्हाळ्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुन्हा हाती घेतली, ती निव्वळ दुपार काढण्यासाठी. तुमसरला मे महिन्यातल्या दुपारी दुसरे काही करता येत नाही. १९५५ सालची ही कादंबरी शाळेत असताना वाचली होती; तेव्हा मेंढरे आणि माळ एवढेच लक्षात राहिले. पावसाकडे डोळे लावून बसणारा माणदेश आणि आमचा तळी-बोड्यांचा, धानाचा मुलूख, यांत साम्य ते काय असणार?

पण औंध संस्थानातल्या त्या वाडीकडे पायी निघालेला पोरसवदा मास्तर या खेपेस पहिल्या पानांतच ओळखीचा वाटू लागला. शाळेत मुले यावीत म्हणून त्याला आधी गावाचा व्हावे लागते. तो लोकांची पत्रे लिहितो, तंटे मिटवतो, तालीम बांधायला सारी वाडी उभी करतो.

आमचे बाबा तिरोडीच्या गाडीने गोबरवाहीला उतरत आणि तिथून सायकलने शाळेच्या गावी जात. आठवडाभर मुक्काम तिकडेच. आम्ही आईजवळ तुमसरला. शनिवारी सकाळची शाळा असे, तरी ते पुष्कळदा रविवारी उगवत. "लोकांचे अर्ज लिहायचे होते," एवढेच सांगत. आईचा अबोला आणि माझा राग त्या अर्जांवर होता. पुढे आमच्या शिक्षणासाठी त्यांनी खटपट करून तुमसरजवळ बदली घेतली. घरात पेढे वाटले गेले. बाबा मात्र बरेच दिवस संध्याकाळी ओसरीवर गप्प बसून असत. थकत असतील, असे आम्ही धरून चाललो.

कादंबरीच्या अखेरीस दुष्काळाने वाडी रिकामी होते आणि मास्तरलाही निघावे लागते. तिथे मी पुस्तक मिटले. मास्तरचे गाव आधी उठले होते. बाबांनी नांदते गाव सोडले होते, तेही आमच्यासाठी. त्याबद्दल त्यांना आम्ही कधी एका शब्दाने विचारले नव्हते.

असो. पुस्तक बाबांना दिले. वाचताना त्यांना आता भिंग लागते. चार दिवसांनी परत करताना म्हणाले, "पट किती होता रे त्या मास्तरचा?"

मला सांगता येईना. "तुमचा किती होता, बाबा?"

"एक्केचाळीस," ते म्हणाले आणि हजेरीच्या क्रमाने नावे सांगू लागले.