मार्फत

पाकिटावरचा ‘मार्फत’ हा शब्द हल्ली वापरातून जवळजवळ गेलाच. मला तो पुन्हा भेटला आमच्या कपाटावर. तिथे साबणाच्या डबीएवढी एक पेटी आहे. तिचे नाव रास्पबेरी पाय. एखाद्या खाऊला शोभावे असे! आमचे चिरंजीव बंगळूरला शिकतात आणि त्यांच्या संगणकाचे सारे इंटरनेट पुण्यातल्या या पेटीमार्फत जगात जाते.

कारण असे, की घरमालकांचे वायफाय एकच आणि त्याचा परवलीचा शब्द जिन्यात भिंतीवर लिहिलेला. आता बहुतेक संकेतस्थळांशी होणारे बोलणे कुलूपबंद असते, हे खरे. पण ते आंतरदेशीय पत्रासारखे. मजकूर आत, पत्ता बाहेर. आणि पत्ता वाटेत वाचता येतो. म्हणून चिरंजीव सगळी पत्रे एका मोठ्या पाकिटात घालून आमच्या घरी धाडतात. पेटी ते पाकीट फोडते, आतली पत्रे ज्याची त्याला पाठवते, आणि आलेली उत्तरे पुन्हा बंद पाकिटातून बंगळूरला. घरमालकाला दिसतो फक्त आमचा पत्ता. जगाला मात्र वाटते, मुलगा घरीच बसला आहे! आईला याहून गोड ते काय?

युक्ती तशी जुनी. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच ही आज्ञावली लिहिली. चिरंजीवांचा बोगदा तिच्याच आधाराने खणलेला. बंगळूरच्याच दुकानातली वस्तू पाहायची तरी पुण्याला वळसा, हा द्राविडी प्राणायाम आलाच. आमच्याकडे वीज गेली, की शेजाऱ्यांच्या आधी त्याला कळते.

“पाकीट आपल्याकडे उघडते, मग पत्ते आपल्याला दिसतील?” मी एकदा विचारले.

“पाहायचे म्हटले तर दिसतील. मजकूर नाही, पण मी कुठेकुठे जातो ते.”

“मग?”

“मग काय? घरमालकापेक्षा तू बरी.”

एवढे बोलून त्याने पेटीचा परवलीचा शब्द मला लिहून दिला. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.

यंदा श्रावणात तो फोनवर “बरा आहे” यापलीकडे बोलेना. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठावे, तर पेटीचा दिवा लुकलुकतो आहे. या वेळी हा काय वाचत असेल? दुखणे? मुलगी? नापास झाल्यावर काय करतात ते? खण चार पावलांवर होता. पावले मोजली, हे मात्र खरे.

सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “अगं, माझी माहेरची पत्रे मामंजींच्या मार्फत येत. घरोघरी फोडूनच देत तेव्हा. मामंजींनी कधी फोडले नाही. कोनाड्यात ठेवत आणि खाकरत.” जरा थांबून म्हणाल्या, “पण मला वाटे, कधीतरी विचारावे त्यांनी, काय गं, काय लिहिलेय?”

त्या रात्री मी फोन लावला. “काल दोन वाजता जागा का होतास?”

“तुला कसे कळले?”

“दिवा लुकलुकत होता. बाकी काही पाहिले नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “थांब आई, दार लावून येतो.”