सावली किती हवी?

कल्याणच्या जुन्या घरांना पडवी असायची. खाडीवरून वारा यायचा, पागोळ्या उंबऱ्याबाहेर गळायच्या आणि घरातले वडीलधारे पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा सलाम घ्यायचे. इमारतीत पडवी नसते. नशीब जोरावर असेल तर फ्लॅटला लागून उघडी गच्ची मिळते. तिच्यावर पक्के छप्पर घातले की ते वाढीव बांधकाम ठरते. ताडपत्री बांधली की ती उन्हाने कडक होते आणि वाऱ्याने फाटते. मग माणूस गुंडाळता येणाऱ्या कापडी छताकडे, म्हणजे ऑनिंगकडे वळतो. आम्ही दोघे भाऊ असेच वळलो आणि अम्मीला घेऊन ठाण्याच्या एका दुकानात गेलो.

ऑनिंगची रचना साधी असते. भिंतीलगतच्या नळीवर कापड गुंडाळलेले असते. कोपरासारखे दुमडणारे दोन हात ते पुढे ढकलतात आणि हातांतल्या स्प्रिंगा त्याला ताणून धरतात. नळी फिरवायचे प्रकार दोन. एकात लांब हँडल कडीत अडकवून हाताने फिरवायचे; दुसऱ्यात नळीच्या पोटात मोटर असते, रिमोटचे बटण दाबले की काम झाले. मोटरवाल्याची किंमत बरीच जास्त.

आमचा कल मोटरकडे होता. आम्ही सकाळी सातची लोकल पकडतो, रात्री नऊला परततो. दिवसभर अम्मी घरात एकटी. तिच्या खांद्याचे दुखणे जुने आहे. ज्या आईने आयुष्यभर विहिरीचे पाणी ओढले, तिला आता बटणाचे सुख द्यावे, असे लेकरांना वाटणारच. दुकानदाराने परदेशातल्या घरगाड्यांचे फोटो दाखवले. गाडीच्या कुशीतून बटणासरशी छत बाहेर येते आणि त्याखाली खुर्च्या टाकून कुटुंब बसते. आम्ही भारावलो. मात्र गाडीतली मोटर गाडीच्याच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. आमची मोटर चालणार घरच्या विजेवर, आणि कल्याण-डोंबिवलीतल्या माणसाला विजेबद्दल वेगळे सांगायला नको. 2005 नंतरच्या भारनियमनाची वर्षे आम्ही मेणबत्त्या मोजत काढली आहेत. भारनियमन सरले, पण वादळ सुटले की वीज अजूनही जाते.

ऑनिंगचा खरा शत्रू वाराच. ऊन-पावसात ती उघडी राहू शकते, सोसाट्याच्या वाऱ्यात नाही. कापडात वारा भरला की हात वाकतात, भिंतीतले बोल्ट उपसतात. म्हणून कारागीर ती विटांच्या भिंतीवर न लावता काँक्रीटच्या तुळईवर लावतो. वाऱ्याची चाहूल लागताच मोटर आपोआप सुरू करणारे यंत्रही मिळते. पण त्यालाही वीज लागते. म्हणजे ज्या क्षणी छत मिटायलाच हवे, नेमक्या त्याच क्षणी बटण मुके होण्याचा धोका.

13 मे 2024 ची दुपार या भागातले कुणी विसरणार नाही. धुळीचे वादळ उठले. घाटकोपरला जाहिरातीचा अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे गेली. ठाणे-मुलुंडदरम्यान रेल्वेच्या विजेच्या तारांचा खांब वाकला, मध्य रेल्वेच्या गाड्या खोळंबल्या. आम्ही दोघे त्या गर्दीत अडकलो होतो. घरी वीज नव्हती आणि अम्मी एकटी होती. त्या दिवशी गच्चीवर छत असते तर ते कुणी मिटले असते?

वीज गेल्यावर हँडलने फिरवता येईल अशीही मोटर येते. आम्हाला वाटले, प्रश्न मिटला. पण बटणाची सवय झालेल्या अम्मीने वर्षातून एकदाच, तेही वादळात, भलेमोठे छत हाताने गुंडाळायचे, हे काही पटेना.

अम्मीने दुकानातले हँडल हातात घेतले. दहा-बारा फेरे फिरवले, थांबली, दम घेतला. मग दुकानदाराला म्हणाली, ''भाऊ, हे एवढं मोठं कुणाला?''

मोठे हवे होते ते आम्हाला. 2018 आणि 2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. गच्चीची फरशी मगरिबपर्यंत निवत नसे, म्हणून इफ्तारचे दस्तरखान आत पंख्याखाली अंथरावे लागे. सगळे कुटुंब गच्चीवर बसेल एवढी सावली करायची, हे तेव्हापासून आमच्या मनात होते. अम्मी शांतपणे म्हणाली, ''रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता थंडी सरताना येतो. परत मे महिन्यात यायला पंचवीस वर्षं आहेत. तेव्हा हे कापडही नसेल आणि मीही नसेन. मला आजची सावली बघा. माझी खाट, वुजूची बादली आणि सुकत घातलेल्या मिरच्या, एवढ्यापुरती.''

आम्ही दोघेही बोललो नाही. घरातली मोठी वस्तू निवडतो पैसे देणारा, आणि तो दिवसभर घराबाहेर असतो. तिच्यासोबत दिवस काढतो तो दुसराच. आम्ही मोटर की हँडल एवढेच बघत होतो. अम्मीने माप बदलले आणि तो प्रश्नच लहान झाला. पुढे कमी येणाऱ्या छताला फेरे कमी, वाऱ्याचा जोरही कमी आणि मोटरची गरज उरत नाही.

दीड मीटर पुढे येणारी, हाताने फिरवायची ऑनिंग घेतली. कापडाला पुरेसा उतार दिला, नाहीतर पावसाचे पाणी साचून पोट सुटते. ओले कापड गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ती मिटलेलीच असते. हँडल अम्मीच्या खांद्याच्या उंचीवर खिळ्याला टांगले आहे. जोहरच्या नमाजला आत जाण्याआधी ती आभाळाकडे बघते, आणि रंग बरा दिसला नाही तर आमच्या फोनची वाट न पाहता छत मिटून घेते.