तालुक्याच्या कॉलेजातली पक्षीगणना

फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभरातली माणसं आपापल्या अंगणातले, रस्त्यावरचे, शेतातले पक्षी मोजतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि ऑड्युबॉन सोसायटीने १९९८ मध्ये सुरू केलेला हा ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’. २०१३ मध्ये तो साऱ्या जगाला खुला झाला आणि त्याच वर्षी भारतातले पक्षीनिरीक्षकही त्यात उतरले. याच चार दिवसांत आपल्याकडे शिक्षणसंस्थांच्या आवारात ‘कॅम्पस बर्ड काउंट’ होतो. त्याला फी नाही, जंगलाचा पास नाही, भारी कॅमेऱ्याची अट नाही. एका जागी किंवा चालत चालत किमान १५ मिनिटं पक्षी पाहायचे, दिसले-ऐकले तेवढे मोजायचे आणि ‘ईबर्ड’ या मोफत ॲपवर यादी भरायची.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पर्यावरणाचा सक्तीचा पेपरही माझ्याकडेच असतो. या पेपरामागे मोठा इतिहास आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. त्यातला शेवटचा घटक वर्गाबाहेरचा होता: परिसरातल्या नेहमीच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी यांचा अभ्यास. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्याची झाली प्रकल्पवही. मागच्या वर्षीच्या वहीवरून यंदाची उतरवायची, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं आणि गुण घ्यायचे. मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. बाहेर जाऊन नेमकं काय करायचं आणि केलेलं पुढे कुठे जातं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पक्षीगणनेत या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे, म्हणून आम्ही तो घटक त्या चार दिवसांना जोडला.

कॉलेजचं आवार म्हणजे काही अभयारण्य नव्हे. पुढे कडुनिंब आणि गुलमोहर, मागे क्रीडांगण, कुंपणाला बाभळी आणि पलीकडे ज्वारी-हरभऱ्याची शेतं. पहिल्या सकाळी मुलांचा सूर एकच होता, ‘इथं काय असणार?’ तासाभरात वहीत साळुंकी, लालबुड्या बुलबुल, होला, कोतवाल, वेडा राघू, चीरक, टिटवी आणि गायबगळा उतरले. तांबटाची ठोक-ठोक बहुतेकांनी जन्मभर ऐकलेली. तो आवाज पिंपळावरच्या चिमणीएवढ्या हिरव्या पक्ष्याचा आहे, हे दुर्बिणीतून पाहिल्यावर कला शाखेच्या एका मुलीने शेजारणीला हाताला धरून ओढत आणलं. दुर्बीण सगळ्यांत मिळून एकच होती, त्यामुळे जो पाही त्याने पुढच्याला पक्षी कुठे बसला आहे ते शब्दांत सांगायचं. पक्ष्याच्या डोक्याचा, भुवईचा, शेपटीच्या कडेचा रंग सांगता सांगता मुलं बघायला शिकली.

कुंपणापाशी खरी गंमत झाली. हरभऱ्यावरून भोरड्यांचा मोठा थवा उठला आणि एका मुलाने विचारलं, “मॅडम, भोरड्या बी लिहायच्या का? त्यांना तर आम्ही हाकलतो.”

पुस्तकात हिला गुलाबी मैना म्हणतात. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करणारा हा पक्षी पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतो आणि एप्रिलच्या सुमारास परततो. तिकडे तो टोळ आणि नाकतोड्यांचा फडशा पाडतो. इकडे ज्वारी दाण्यावर आली की कणसांवर उतरतो. वर्गातल्या निम्म्या मुलांनी लहानपणी मचाणावर उभं राहून गोफणीने त्याला हुसकलेलं. थवा कुठल्या वेळी कुठल्या बाजूने येतो, रात्री कुठल्या झाडांवर बसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक माहीत होतं. शहरातला पक्षीनिरीक्षक ज्यासाठी गाडी करून येतो ते ज्ञान या मुलांकडे घरचंच होतं. त्याला विद्यापीठाच्या शिक्षणात जागा नव्हती, एवढंच.

थवा मोजणं ही स्वतंत्र विद्या आहे. आधी दहा पक्षी नीट मोजायचे. त्या दहांनी आभाळाचा किती तुकडा व्यापला ते नजरेत धरायचं. मग तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहायचं. थवा फार मोठा असेल तर दहाच्या जागी पन्नासचा तुकडा धरायचा. तिघांनी एकमेकांना न सांगता मोजलं की आकडे ताडून पाहता येतात. एका मुलाने भरलेला भोरड्यांचा आकडा ॲपवर तपासणीसाठी अडकला, कारण नेहमीच्या मर्यादेहून मोठी संख्या भरली की ईबर्डचे स्वयंसेवक तपासनीस विचारणा करतात. गणित विभागाचा हा मुलगा. कुठून पाहिलं, प्रकाश कसा होता, मोजणी कोणत्या रीतीने केली, हे त्याने इंग्रजीत लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नोंद मान्य झाली. वर्गात मी दिलेल्या कुठल्याही निबंधावर त्याने इतके कष्ट घेतले नव्हते.

यादी पाठवताना ॲप एक प्रश्न विचारतं: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? या प्रश्नावर सगळा डोलारा उभा आहे. उत्तर ‘हो’ असेल तर यादीत जे नाही तेही बोलतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आहे, हे वर्षानुवर्षं पाहत गेलं की तो वाढतो आहे की घटतो आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून कावळा-पारवा गाळून नुसता दुर्मीळ पक्षी लिहिणाऱ्याची यादी या कामाला उपयोगी पडत नाही. अशाच नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल उभा राहिला. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यासाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. मोर आणि कोकिळ वाढताना दिसले, तर १७८ जातींच्या रक्षणाला अग्रक्रम हवा असं अहवालाने सांगितलं.

घटणाऱ्यांत नीलपंख आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा पक्षी. अहवाल आला तेव्हा धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो चिंतेच्या कक्षेत नव्हता. त्याच्यासह १४ जातींच्या स्थितीचा फेरविचार व्हावा, असं या अहवालाने सुचवलं. आमच्या क्रीडांगणाच्या टोकाला विजेच्या तारेवर तो बसतो. मुलांना हे सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या माना तारेकडे वळल्या. तेव्हापासून ‘मॅडम, आज तारेवर होता’ असा निरोप मला परीक्षेच्या दिवसांतही येतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. निसर्गशिबिराची सूचना लागली की आमच्याकडच्या कितीतरी मुली गप्प बसतात. मुक्कामाला घरून परवानगी नसते, कधी पैसे नसतात, आणि संध्याकाळची एसटी चुकली तर घरी जाता येत नाही. गणनेला यातलं काही आडवं येत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने येणारी मुलगी तास सुरू होण्याआधी आवारात मोजते, आणि शनिवार-रविवारी स्वतःच्या शेतात, आईला सोबत घेऊन. आवाराबाहेरच्या त्या याद्याही मुख्य गणनेत धरल्या जातात. एकीच्या आईने तर आवाजावरून लावे ओळखले.

एकदा मोजायची सवय लागली की पुढची दारंही दिसू लागतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावरून पाणवठ्यावरचे प्राणी पाहण्याची संधी देतो. कोकणातल्या मुलांना सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारची आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम आणि वेळासचा कासव महोत्सव जवळ आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी अभ्यासक्रम चालवते. यात पुढे शिकायचं असेल तर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव विषयाचं एम.एस्सी. आहे. दोन्हीकडे प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते. आमच्या मुलांनी ही नावं आधी ऐकलेलीही नव्हती. हे खंत वाटण्याजोगं आहे आणि त्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांवर येते.

ईबर्डचा नकाशा उघडला की पुणे-मुंबईच्या भोवती नोंदींची दाटी दिसते आणि मराठवाड्याच्या अंतर्भागात त्या विरळ होत जातात. इथे पक्षी कमी आहेत असा त्याचा अर्थ नाही. मोजणारे कमी आहेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या याद्यांत आणखी एका यादीची भर पडल्याने जेवढं कळतं, त्याहून खूप अधिक एखाद्या आडबाजूच्या तालुक्यातल्या एका यादीने कळतं. साधनं कमी म्हणून ज्या कॉलेजांना आपण मागे धरतो, त्यांचं मोल या कामात सर्वांत जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा माझ्यासारख्याच गावात शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आणि शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. तारखा दर वर्षी आधी जाहीर होतात, त्या जानेवारीतच सूचनाफलकावर लावा. ईबर्डवर खातं काढून ठेवा, दहा-बारा नेहमीच्या पक्ष्यांची ओळख करून घ्या, आणि फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या मागच्या कुंपणापाशी पंधरा मिनिटं उभे राहा. कावळासुद्धा लिहा.